गाळ आणि गाळी : पिकअपच्या डिझेल लाइनच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२४

आजपासून वहीत लिहून ठेवायचं ठरवलं. गेला महिनाभर गाडी त्रास देतेय आणि प्रत्येक जण काही ना काही सांगतोय. कोण काय म्हणालं, आपण काय बदललं, काहीच लक्षात राहत नाही.

गाडी : २००८ चा पिकअप, चार सिलिंडर, टर्बो डिझेल, रोटरी पंप. कॉम्प्युटर नाही, म्हणजे स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नाही. जे आहे ते कानाने, नाकाने आणि हाताने शोधायचं. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या अंगाला. या दिवसांत रताळी मार्केट यार्डात, आणि आठवड्यातून एकदा कोबी, फ्लॉवर, मिरची घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला. बाबांनी ही गाडी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. पंधरा वर्षं उलटलीत, दरवर्षी फिटनेसला उभी करावी लागते. तरी चेसिस शाबूत आहे, इंजिन ऑइल खात नाही. ही गाडी मोडीत काढायची नाही.

तक्रारी तीन. सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो. चढाला मधेच दम सोडते, झटके देते, कधी बंदच पडते. आणि चालू झाल्यावर पाच-सात मिनिटं पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा.

४ सप्टेंबर

डिझेल फिल्टर बदलला. जुन्या फिल्टरच्या बुडाशी पेलाभर पाणी निघालं. या पावसात ते अपेक्षितच होतं, पण इतकं नाही. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलंय, पाणी तिथूनच आत जात असणार. नवं झाकण सांगितलं. एअर फिल्टरही काढून पाहिला, धुळीपेक्षा ओल जास्त. बदलला.

हातपंपाने एअर काढली, गाडी लगेच चालू. बाबा म्हणाले, "झालं की." मलाही तसंच वाटलं.

७ ते ११ सप्टेंबर

गणपती. गाडी गावातल्या गावात फिरली, सपाटीवर. त्रास नाही.

१३ सप्टेंबर

गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात बंद पडली. हे नीट लिहून ठेवतो.

जाताना गाडी भरलेली. सकाळी निघताना पंचवीस लिटर डिझेल घातलं होतं, काटा अर्ध्याच्या बराच वर. जांबोटीच्या पुढचे चढ, कणकुंबीपर्यंतचा रस्ता, सगळीकडे व्यवस्थित ओढली. म्हापशात माल उतरवला. परत येताना गाडी रिकामी, मागे फक्त दहा-बारा मोकळे क्रेट. आणि रिकाम्या गाडीने घाट चढताना दुसऱ्या वळणापासून झटके सुरू. तिसऱ्या गिअरला ओढेना, दुसऱ्याला घेतली तरी पॅडल दाबलं की उलट बसते, पॅडल सोडलं की जरा सावरते. वरच्या अंगाला बंद पडली. बाजूला दगड लावून बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारला. आधी नुसता फेस, मग डिझेल. चालू झाली. दोन किलोमीटरवर परत तेच. घाट चढेपर्यंत चार वेळा एअर काढली. पाऊस चालू, धुकं इतकं की मागून येणाऱ्या गाडीला आम्ही दिसत नसू. बरोबरचा पोरगा मागे टॉर्च घेऊन उभा राहिला. त्याला घरी उशिरा पोचवलं, त्याच्या आईला काय सांगावं कळेना.

दोन गोष्टी खूण करून ठेवल्या. भरलेली गाडी चढते, रिकामी चढत नाही. म्हणजे वजनाचा प्रश्न नाही. आणि काटा त्या वेळी अर्ध्याच्या खाली होता.

१४ सप्टेंबर

बेळगावात एका गॅरेजला दाखवली. चालू करून पाहिली, धूर पाहिला आणि सांगितलं, पंप खोलावा लागेल. किंमत ऐकून बाबा गप्प झाले. मी थांबा म्हटलं. पंप खोलायला माझी ना नाही, पण डिझेल पंपापर्यंत नीट पोचतंय हे कुणी पाहिलंच नाही, तर पंपाला दोष कसा द्यायचा?

संध्याकाळी गावातल्या मेस्त्रीमामांनी एका जुन्या पंपवाल्याचा नंबर दिला. आयुष्यभर डिझेल पंप आणि नोझलचंच (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) काम केलेला माणूस, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कानडी बोलतात, मधे मधे मराठी. फोनवर सगळं सांगितलं. मागे ग्राइंडर चालू होता. ते म्हणाले, "टाकी नोड्री," म्हणजे टाकी बघा, आणि पुढे मला ऐकू आलं ते 'गाळ'. टाकीत गाळ. पटलं, पाणी तर निघालंच होतं.

१६ सप्टेंबर

टाकी उतरवली. सकाळी सातला सुरुवात, दुपारी दोनला टाकी अंगणात. पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. रात्री डिझेल आणि ऑइल लावून ठेवलं होतं म्हणून तीन सुटले, चौथा कापावा लागला.

बुडाशी बोटभर गाळ. काळपट, चिकट, हाताला साबणासारखा लागणारा. पाणी आणि डिझेल जिथे भेटतं तिथे जिवाणू वाढतात, हा चिकटा त्यांचा, असं मेस्त्रीमामा म्हणाले. बाकी गंजाचे पापुद्रे. थोडं डिझेल आणि मूठभर बारीक खडी टाकून टाकी हलवली, ओतली, परत हलवली. पाच वेळा. शेवटी मजबूत लोहचुंबक फिरवून गंज उचलला. पाणी अजिबात वापरलं नाही, वापरलं असतं तर वाळवायला ऊन कुठे आहे?

टाकीच्या वरच्या तोंडातलं युनिट, म्हणजे काट्याला पातळी दाखवणारा फ्लोट आणि डिझेल ओढणारी नळी, बाहेर काढलं. नळीच्या टोकाची जाळी निम्मी बुजली होती. ब्रशने धुतली, आरपार उजेड दिसेपर्यंत. बाकी युनिट फडक्याने पुसून परत बसवलं.

नवं झाकण आलं. नवा फिल्टरही घातला, कारण बारा दिवसांतच आधीचा काळा पडला होता.

१९ सप्टेंबर

टाकी रिकामी केली होती म्हणून पहिल्यांदाच गळ्यापर्यंत भरली. यार्डाच्या दोन फेऱ्या, एकदा कोगनोळीपर्यंत महामार्गाने. वंटमुरीचा चढ चौथ्या गिअरला. चार वर्षांत गाडी अशी पळाली नव्हती. बाबा स्वतः चालवून आले आणि आल्यावर टायरवर हात मारला. त्यांची शाबासकी तशीच असते.

२४ सप्टेंबर

परत तेच. जांबोटीच्या अलीकडच्या चढाला झटके. काटा अर्ध्याच्या खाली.

घरी येऊन मागच्या पानांवर बोट फिरवलं. बंद पडली किंवा झटके दिले त्या प्रत्येक वेळी टाकी अर्ध्याच्या खाली होती. चांगली चालली त्या प्रत्येक वेळी अर्ध्याच्या वर. एकही अपवाद नाही. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर होत्या आणि हे आत्ता दिसलं. गाळ काढायला हवाच होता, तो पंपाला आज ना उद्या खाल्ल्याशिवाय राहिला नसता. पण रोग तो नव्हता.

२५ सप्टेंबर

अण्णांकडे स्वतः गेलो. छोटं दुकान, टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर नोझलचे तुकडे ओळीने मांडलेले. धूळ बसू नये म्हणून पंखासुद्धा लावत नाहीत. टाकी साफ केली, गाळ काढला, असं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "गाळ अल्ला. गाळी. गाळी हिडदैति."

गाळ नव्हे. गाळी म्हणजे वारा, हवा. हवा धरलीय. ग्राइंडरच्या आवाजात मी शेवटची वेलांटी ऐकलीच नव्हती. आमच्या मराठीत गाळ बुडाशी बसतो, त्यांच्या कानडीत गाळी वर वाहते, आणि आमच्या टाकीत दोन्ही होतं.

मग त्यांनी अर्धा तास समजावलं. मला जितकं कळलं तितकं इथे लिहितो, कारण हे आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या पिकअपवाल्याला उपयोगी पडेल.

या गाडीत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. पंपाच्या पोटात पाती असलेला छोटा पंप असतो, तो ओढतो. म्हणजे टाकी ते पंप ही सगळी लाइन स्ट्रॉसारखी. स्ट्रॉला भोक पडलं तर सरबत बाहेर सांडत नाही, हवा आत येते. म्हणून या बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही. खाली थेंब पडत नाही, पाइप कोरडे, आणि माणूस म्हणतो लाइन चांगली आहे. पंपाच्या पुढे, नोझलकडे जाणाऱ्या पाइपात मात्र प्रचंड दाब असतो, तिथे गळती असली तर ती लगेच दिसते.

हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. पंपात हवा गेली की प्लंजर, म्हणजे पंपातला दट्ट्या, त्या हवेलाच दाबत बसतो, नोझलची सुई उचलायला लागणारा दाब तयारच होत नाही. सपाटीवर थोडे बुडबुडे परतीच्या पाइपातून टाकीत निघून जातात. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, तशी हवाही जास्त शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा जाऊन लाइनमधलं डिझेल टाकीत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ मारत राहावं लागतं. शिवाय या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. हवेवर चालवत राहिलं तर पंप आतून घासतो. मग खरोखरच खोलावा लागतो.

पैसे घेतले नाहीत. एक हात पारदर्शक नळी कापून दिली आणि म्हणाले, आधी बघ, मग पाना उचल.

२७ सप्टेंबर

फिल्टर ते पंप मधली रबरी नळी काढून तिथे पारदर्शक नळी लावली. अर्ध्याच्या खाली टाकी, गाडी चालू. बुडबुडे! आधी मोहरीएवढे, रेस केली की सलग साखळी. दुसरा तुकडा फिल्टरच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या बाजूला लावला. तिथेही तेच. म्हणजे फिल्टरचं वायसर, हातपंप, पंपाचं तोंड, सगळे सुटले. हवा टाकीकडूनच येतेय.

चेसिसवर जिथे रबरी नळी लोखंडी पाइपाला मिळते तिथलं रबर वाकवून पाहिलं, बारीक भेगा. साधी क्लिप चावून बसली होती. नळी बदलली, स्क्रूची क्लिप लावली. बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत.

२८ सप्टेंबर

डब्याची परीक्षा. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यात चार लिटर डिझेल. डबा बॉनेटमध्ये बॅटरीच्या बाजूला तारेने घट्ट बांधला, टर्बो आणि सायलेन्सरपासून लांब. फिल्टरची येणारी नळी डब्यात बुडवली. परतीची नळीही डब्यातच सोडली. हे महत्त्वाचं, नाहीतर पंप डब्यातलं डिझेल ओढून टाकीत सोडत राहतो आणि डबा बघता बघता रिकामा होतो.

येळ्ळूरला जाऊन राजहंसगडाचा चढ घेतला. गडावर जाणारा रस्ता आमच्या भागात परीक्षेला सगळ्यात चांगला, जवळ आहे आणि दम काढतो. मागे मेस्त्रीमामांच्या घरच्या विटा भरल्या होत्या. दुसऱ्या गिअरला वरपर्यंत, एक झटका नाही. नळीत एक बुडबुडा नाही. वर थांबून पंधरा मिनिटं रेसवर ठेवली. तरी नाही.

पंप निर्दोष. हे बाबांना फोन करून सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले, पण रात्री जेवताना स्वतःहून विषय काढला.

३० सप्टेंबर

टाकीच्या तोंडातून नवी लांब नळी सरळ बुडापर्यंत सोडून तीच फिल्टरला जोडली. बुडबुडे नाहीत. म्हणजे दोष एकतर चेसिसवरच्या लोखंडी पाइपात, नाहीतर टाकीतल्या युनिटच्या नळीत. लोखंडी पाइपाचं एक टोक बुजवलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला, जोडांवर साबणाचं पाणी. काही नाही.

युनिट परत काढलं. सोळा तारखेला हेच हातात होतं, जाळी धुऊन परत बसवलं होतं. आज एक टोक बोटाने दाबून बादलीत बुडवलं आणि दुसऱ्या टोकाने फुंकलं. नळीच्या मधोमध, जिथे फ्लोटचा पत्रा नळीला डागलाय त्या सांध्यातून बुडबुड्यांची रांग. भोक सुईच्या टोकाएवढं. पुसून उन्हात धरलं तरी नीट दिसत नाही.

आता सगळं जुळलं. डिझेल त्या भोकाच्या वर असलं तर भोकातूनही डिझेलच ओढलं जातं, काही बिघडत नाही. पातळी खाली गेली की तेच भोक हवा ओढतं. घाट चढताना तर टाकीतलं डिझेल मागे सरकतं, भोक आणखी लवकर उघडं पडतं. म्हणून गोव्याला जाताना ठीक, येताना नाही. भोक मधेच का पडलं? मेस्त्रीमामांचं म्हणणं असं की आमची टाकी वर्षानुवर्षं अर्धीच असते, वरचा भाग कायम ओलसर हवेत. त्या सांध्यात ओल धरून राहते आणि तिथूनच लोखंड सडतं. मला पटतं. जेवढ्याचं भाडं तेवढंच डिझेल, ही आमची सगळ्यांचीच रीत आहे.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. सकाळी घरचं आटोपून रेडिएटरवाल्याकडे गेलो. त्याने नळी घासून गॅसवर पितळ भरलं. युनिट टाकीतून पूर्ण बाहेर होतं, डिझेल धुऊन वाळवून नेलं होतं. हे मुद्दाम लिहितो : टाकीला किंवा टाकीत असलेल्या कशालाही गॅस, वेल्डिंग लावू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, आत वाफ कोंडलेली असते.

घरी परत बादलीची परीक्षा, तीन वेळा. युनिटच्या तोंडाचं रबर नवं. बसवलं. टाकी पाव भरलेली ठेवून राजहंसगड. चढली.

५ ऑक्टोबर

सेल्फ आता दोन फेऱ्यांत घेतो. पण पांढरा धूर सकाळी अजून आहे आणि आयडलवर गाडी मिसिंग करते, स्टिअरिंग थरथरतं. हा दुसराच आजार, इतके दिवस पहिल्याच्या आड लपलेला.

आयडलवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट पाव फेरा ढिला केला. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की आवाज बदलतो, इंजिन आणखी लंगडतं. १, २, ४ ला बदलला. ३ ला काहीच फरक नाही. म्हणजे ३ आधीपासूनच काम करत नाही. हे करताना नटावर जाड फडकं, हात लांब, डोळ्यांवर चष्मा. त्या दाबाचा डिझेलचा फवारा कातडीतून आत घुसतो, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. असं झालं तर घरी हळद लावत बसायचं नाही, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात.

८ ऑक्टोबर

चारही नोझल अण्णांकडे. हाताने दाबायच्या टेस्टरवर लावले. तिघांचा फवारा धुक्यासारखा, दाबताना कुरकुर आवाज. तिसऱ्याचा धार सोडल्यासारखा, शिवाय टोकाला थेंब लोंबतो. तो थेंब जळत नाही, तोच पांढरा धूर आणि तोच डोळ्यांना झोंबणारा वास. पाण्याने आणि गंजाने सुई खराब झाली, असं ते म्हणाले. तिसऱ्याची टीप बदलली, चौघांचा दाब सारखा करून दिला. तांब्याचे वायसर सगळे नवे, जुने परत वापरू दिले नाहीत.

मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी गाळ ऐकलं." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तेगदी, छलो आतु." काढलास, चांगलं झालं.

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू. पाने, पकड, हातपंप, पारदर्शक नळीचा तुकडा, सगळं पाटावर मांडलं. आईने नळीलाही हळदकुंकू लावलं.

१५ ऑक्टोबर

गोवा फेरी. मुद्दाम कमी डिझेल घालून निघालो, पाच लिटरचा डबा सोबत. म्हापशाहून परत फिरताना काटा पावाच्या किंचित वर. चोर्ला घाट तिसऱ्या गिअरला, दोन कठीण वळणं दुसऱ्याला. मागच्या वेळी दगड लावून उभे होतो तिथे गाडी न थांबवता हॉर्न दिला. पोरगा म्हणाला, "दादा, इथंच नव्हं काय गा?" इथंच.

सुर्ल्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून पाहिलं. पारदर्शक नळी अजून काढलेली नाही. कायम ठेवायची नाही, उष्णतेने ती कडक होते. पण ही फेरी होईपर्यंत ठेवली होती. आत डिझेल, कडेपासून कडेपर्यंत, पिवळसर आणि स्थिर.

उद्याचं काम : पारदर्शक नळी काढून नवी रबरी नळी. भंगार बाजारात दुसरं युनिट मिळतंय का पाहायचं, पितळाचं जोडकाम आहे तोवर आहे. फिल्टरचं पाणी दर रविवारी. मेस्त्रीमामांच्या भाच्याचा पिकअपही अर्ध्या टाकीखाली दम सोडतो म्हणे, त्याला बादली घेऊन बोलावलंय.